पुंडलिकमामांची फळी

रामनगरच्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पुंडलिकमामा पहिल्यांदा आले ते भांडायलाच. माझे मिस्टर जेवायला घरी गेले होते, काउंटरवर मी होते. मामांनी पिशवीतून एक पांढरा डबा काढला आणि काचेवर आपटला. मोबाईलवरून चालणारा स्विच, आठवड्यापूर्वी आमच्याकडूनच नेलेला. काच फुटली नाही हे माझं नशीब.

"वैनी, ह्यो तुमीच इकला न्हवं?"

"व्हय. चालत न्हाई काय?"

"चालायचं र्‍हाऊ दे. ह्यो मला माजं नाव इचारतोय. गाव इचारतोय. वाढदिवस इचारतोय! आन मग म्हंतोय, इंटरनेट जोडा. आमच्या वाडीत फोन लागायचा तर फणसाखाली जाऊन हुबं र्‍हायला लागतंय. म्हंजे गोठ्यातला दिवा लावायला मी आधी फणसाखाली जायाचं, तितनं ह्येची परवानगी काढायची आन मग माघारी गोठ्यात यायचं? घर कुणाचं? माजं का ह्येचं?"

मी आपलं सवयीनं म्हटलं, "मामा, कुणा शिकलेल्या माणसाकडनं एकदा बसवून घ्या की." एवढं म्हणायला नको होतं. कॅसलरॉकच्या घाटात त्यांनी अख्खी नोकरी रेल्वेचे सिग्नल सांभाळण्यात घालवली होती. पावसात, धुक्यात, गव्यांच्या वाटेवरून तारा तपासत हिंडायचे ते. त्यांच्या तारांच्या भरवशावर घाटातून गाड्या उतरायच्या, आणि मी त्यांना शिकलेला माणूस बोलवायला सांगत होते. पुढची पंधरा मिनिटं ते जे बोलले ते समोरच्या किराणा दुकानातही ऐकू गेलं. जाताना डबा परत करून त्यांनी तार, चार बेलची बटणं आणि पितळी सॉकेटं नेली. "हातात लागंल, डोळ्यांस्नी दिसंल आसं कायतरी मीच बनिवतो," म्हणाले.

तेव्हापासून ते दर पंधरवड्याला यायचे. बुटका, काळासावळा माणूस, रेल्वेच्या खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. लोक पेन लावतात त्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि दुसऱ्या खिशात आमसुलं. राग आला की एक आमसूल तोंडात टाकायचे, म्हणजे दिवसभर ते चघळतच असायचे. रस्त्यानं चालताना त्यांची मान कायम वर, खांबावरच्या तारांकडे. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की पाणी पिण्याआधी मीटरखाली उभे राहून विचारायचे, "ह्ये कुणी केलंय?" करणाऱ्याचं नाव कळलं की त्याचा उद्धार. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. वाडीत थोरल्या बहिणीच्या घराशेजारी, वीस पावलांवर, यांचं दोन खोल्यांचं घर.

ही थोरली बहीण म्हणजे शेवंताक्का. तिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. अक्काचे गुडघे गेलेले, डोळ्यांना कडेचं तेवढं धूसर दिसायचं. तिचा मुलगा दिलीप पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याचं एकच पालुपद, आई, पुण्याला चल, इथं एकटी पडलीस तर कळणार कसं? अक्काचंही एकच उत्तर, हे घर सोडणार न्हाई. मामांनी दिलीपला शब्द दिला होता, "मी बगतो. तिचं घर तिच्या हाताखाली र्‍हाईल आसं करून देतो."

आणि केलंही. हातभर लांबीची फणसाची फळी. तिच्या डाव्या कडेला घरात काय घडतं ते: अंधार पडला, उजाडलं, दार उघडलं, टाकी भरली. उजव्या कडेला काय करायचं ते: दिवा, घंटा, पंप. प्रत्येकापाशी एक पितळी भोक, आणि भोकांत बसणाऱ्या खुंट्या दोन्ही टोकांना असलेल्या दोऱ्या. दोरीच्या पोटात तार. अंधारापासून दिव्यापर्यंत दोरी लावली की अंधार पडला की दिवा लागणार. नको असेल तर दोरी काढायची. मोबाईल नाही, पासवर्ड नाही. वीज गेली तर ट्रकची जुनी बॅटरी आणि कौलांवरची सोलरची पाटी. एक नियम मात्र त्यांनी रेल्वेतून जसाच्या तसा आणला होता. रेल्वेत तार तुटली की सिग्नलचा हात आपोआप आडवा पडतो आणि गाडी थांबते. मामांच्या फळीत काहीही तुटलं तर दिवा लागलेलाच राहायचा. "बिघडायचंच आसंल तर मानूस वाचंल आसं बिघडाय पायजे," म्हणायचे.

पण पहिल्या फळीवर त्यांनी सिग्नलच्या केबिनमध्ये असतात तसे आकडे रंगवले होते. भोक एक, भोक दोन, भोक तीन. रामनगरहून मुद्दाम पांढरा रंग नेऊन, सुबक. अक्काच्या मांडीवर फळी ठेवून मोठ्या ऐटीत सांगायला लागले, एकातनं पाचात लावलंस की दिवा. अक्कानं फळीवरून हात फिरवला आणि फळी अंगणात भिरकावली.

"मला आकडे येत न्हाईत ह्ये तुला न्हानपनापास्नं ठावं हाय न्हवं रं पुंडल्या? तू साळंत गेलास तवा तुजी गुरं मी राखली. आन आता मलाच आकडे शिकिवतोस? तू बी त्या नाव इचारनाऱ्या डब्यावानीच!"

मामा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. हे त्यांनीच मला सांगितलं, आमसूल चघळत, बहिणीवर चडफडत. चडफडाट संपल्यावर मात्र हळूच म्हणाले, "खरं हाय वैनी तिचं. मी सोपं केलं ते माज्यासाटी केलं."

नवव्या दिवशी कोरी फळी घेऊन ते अक्कासमोर बसले. काय कुठे ते अक्कानं ठरवलं. अंधाराला चुलीतला कोळसा. उजाडण्याला पांढरा खडा. दाराला जुनी किल्ली, टाकीला नदीतली शिंपली. दिव्याला वातीचा पीळ, घंटेला वासराच्या गळ्यातलं घुंगरू. सगळं फणसाच्या चिकानं चिकटवलेलं, बोटांना लागेल असं. 'झालं नाही तर' हे कसं दाखवायचं यावर मामा अडले होते, तेही अक्कानंच सोडवलं. तिनं एका दोरीला मधोमध गाठ मारली. "गाठ लागली म्हंजे न्हाई तर." उजाडल्यावर तासाभरात दार उघडलं नाही तर मामांच्या घरात घंटा वाजायची, आणि दार उघडलं की थांबायची. ती दोरी गाठीची. अक्का रोज सकाळी दार उघडताना मोठ्यानं ओरडायची, "हाय रे बाबा, जिती हाय!"

वाडीत मग घरोघरी फळ्या झाल्या. आणि मामांचा राग वाढला, कारण लोक दोरी कुठे लावायची विचारायला यायचे. "मी का येऊ? घर कुणाचं? तुजं घर, तूच लाव," असं म्हणून ते माणसाला अंगणातूनच परत पाठवायचे. मला हे तुसडेपण वाटायचं. मामांच्या शेजारचा रामा गुरंढोरं बघणारा साधा माणूस. त्यानं अंधार पडला की कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आपोआप खाली यावं अशी दोरी लावली, कोल्ह्याच्या भीतीनं. पुढे आषाढात भर दुपारी असा काळोख दाटला की खुराड्याचं दार धाडकन पडलं आणि सगळ्या कोंबड्या बाहेर, पावसात. हे फक्त आमच्याकडेच व्हायचं. दुपारी दोनला कंदील लावणारी आमची रानं. रामा धावत आला तर मामांनी त्याला हाकललं. मलाही ऐकून राग आला. आठ दिवसांनी मामा दुकानात आले ते हसत. त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं.

"वैनी, रामानं काय केलं ठावं हाय? कोळशाची दोरी काढली आन कोंबड्या बसत्यात त्या दांडीखाली बेलचं बटन लावलं. समद्या कोंबड्या दांडीवर बसल्या की त्यांच्या वजनानं दार पडतंय! मला सुचलं नसतं. आन त्यानं मला इचारलं न्हाई!" असं म्हणून त्यांनी खिशातलं आमसूल मला दिलं. मोठं बक्षीस दिल्यासारखं.

इथवर लिहिताना हात चालतो. पुढचं लिहिताना मला माझाच राग येतो, पण लिहिते.

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला मामा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मडगावला बायकोच्या भाचीकडे गेले. एक डोळा, मग दुसरा, मिळून दीड महिना. त्याच सुमारास दिलीप सुट्टीवर आला. दुकानात येऊन म्हणाला, आईचं घर स्मार्ट करायचंय, बोललं की दिवा लागला पाहिजे. मला फळी माहीत होती. एका शब्दानं म्हणायला हवं होतं, दिलीप, मामा येईपर्यंत थांब. मी बोलले नाही. मी बल्ब दाखवले, स्विच दाखवले, बोलणारा डबा मागवून दिला. काम करायला आमचाच वायरमन गेला. भिंतीवरची जुनी बटणंसुद्धा दिलीपनं काढायला लावली, "आता त्यांची गरजच नाही" म्हणून. नेटसाठी कौलांवर अँटेना बसवला. फळी उतरवून वायरमनला म्हणाला, फेकून दे. त्यानं ती आणून आमच्या गोदामामागे टाकली. कोळसा, शिंपली, किल्ली सगळं तसंच चिकटलेलं. मी बघितलं आणि वरून खोकी ठेवली.

बोलणाऱ्या डब्याला अक्काची भाषा येत नव्हती. "आगं बाय, दिवा लाव की गे," असं अक्का म्हणायची आणि डबा गोड आवाजात हिंदीतून माफी मागायचा. एकदा अक्कानं त्याला शिव्या घातल्या तर त्यानं गाणं लावलं. दिलीपनं त्याचा व्हिडिओ करून सगळ्यांना पाठवला. आम्ही दुकानात बसून पोट धरून हसलो. मीही हसले.

दिलीप पुण्याला गेला आणि बाराव्या दिवशी वादळात झाड पडून टॉवर बंद झाला. वीज होती. बल्ब चांगले होते. तिन्हीसांजेला अक्का त्या डब्याला दिवा लाव म्हणत राहिली. मग भिंतीवर बटण चाचपलं. तिथे नुसती गुळगुळीत पट्टी. पडवीत येताना पायरी चुकली. दूध घेऊन आलेल्या रामाला ती पायरीखाली सापडली. खुबा मोडला होता. दिलीप विमानानं आला, बेळगावला ऑपरेशन केलं आणि आईला पुण्याला घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "बघितलंत ना काकू? मी सांगत होतो, ती इथं एकटी राहूच शकत नाही." मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण कुठल्या तोंडानं?

रामानं फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून मामा मडगावहून आले ते थेट दुकानात. डोळ्यांवर काळा चष्मा.

"फळी कुटं हाय?"

मी खोकी बाजूला करून फळी आणली. त्यांनी ती शर्टाच्या बाहीनं पुसली. "तुमी बगितलीसा व्हय ही हितं?"

"व्हय."

"कवापास्नं?"

मी सांगितलं. मग मामा भर बाजारपेठेत माझ्यावर ओरडले. लोक गोळा झाले, माझे मिस्टर मध्ये पडायला आले, त्यांना मीच मागे सारलं. "तुमास्नी कळत हुतं वैनी! दिल्याला कळत न्हाई, त्यो शिकल्याला हाय. तुमास्नी कळत हुतं!"  

त्यानंतर ते रोज फणसाखाली उभे राहून पुण्याला फोन करायचे. रामा सांगायचा, पाखरं उडायची त्यांच्या आवाजानं. दिलीप म्हणायचा, तिला काही झालं तर जबाबदार कोण? हे म्हणायचे, तुजा डबा हुता न्हवं जबाबदार? एकदा अक्काच फोनवर आली. तिला मुलाच्या घरी काही कमी नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "पुंडल्या, हितं दिवा लावायचा तर सुनंला हाक मारावी लागतीय. मला घरला ने." आणि पुण्यात ती जेवेनाशी झाली. तेव्हा कुठे दिलीप वाकला. दिवाळीनंतर वॉकरसकट तिला घेऊन आला. आठ दिवस बघणार, म्हणाला, आणि सकाळची घंटा पहिली सुरू झाली पाहिजे.

त्या दिवशी तार घेऊन मीच गेले होते. मामांनी फळी दिलीपच्या हातात दिली, "तूच बसीव." त्यानं खाली मान घालून बसवली. माफी काही मागितली नाही त्यानं, मीही मागितली नव्हती. अक्कानं मांडीवरच्या दोऱ्या एकेक चाचपल्या. गाठीच्या दोरीपाशी तिचा हात थांबला.

"माजं दार उगडलं न्हाई तर तुज्या घरात घंटा. आन तुजं दार उगडलं न्हाई तर?"

"मला काय धाड भरलीय?" मामा उसळले.

"माज्या घरात बी घंटा पायजे."

"तू येनार हायस व्हय, वॉकर घिऊन, माजं दार उगडायला?"

"येईन न्हाईतर न्हाई येनार. मला कळाय पायजे."

"अक्का, उगं कायतरी..."

"ही फळी कुनाच्या घरात हाय? घर कुनाचं?"

त्यांचंच वाक्य त्यांच्याच तोंडावर. मामांनी दोन आमसुलं एकदम तोंडात टाकली. मग तणतणत शिडी आणली आणि सुपारीच्या झाडांवरून दोन घरांमध्ये दुसरी तार ओढली. शिडीवरून सगळा वेळ बहिणीला, मला, दिलीपला आणि सुपारीच्या झाडांना शिव्या चालल्या होत्या. अक्का पडवीत बसून नव्या दोरीला गाठ मारत होती. दिलीप चौथ्या दिवशी पुण्याला गेला, एकटाच.

माघात उळवीची जत्रा आली. अक्काला देवाला जायचं होतं, जिवंत राहिल्याचं सांगायला. मी जीप घेऊन सकाळी साडेसातला वाडीत पोचले. इंजिन बंद केल्यावर अक्काच्या घरातली घंटा ऐकू आली. ती वाजतच होती. अक्का नवं लुगडं नेसून पडवीच्या खांबाला धरून उभी होती, तोंड मामांच्या घराकडे. रामा गोठ्यातून धावत आला. घंटेच्या आवाजात काही सुचेना म्हणून त्यानं फळीवरची दोरी ओढायला हात घातला.

"हात लावू नगंस," अक्का म्हणाली. "त्येचं दार उगडलं की थांबंल."

आम्ही धावलो. दाराला आतून कडी. हाका मारल्या, मागची खिडकीही बंद. दार ठोकतानाच रामानं मला सांगितलं, तीन दिवस मामांची छाती दुखत होती, आणि त्यांनी त्याला दम भरला होता, वैनीला सांगशील तर बघ, जीप घेऊन येईल आणि दवाखान्यात नेईल. माझ्या अंगाची आग झाली. दुसऱ्यांच्या घरात बिघडलेलं एक बटण न खपणारा हा माणूस, आणि स्वतःच्या छातीबद्दल गप्प!

रामानं खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी मोडली आणि दार उघडलं. वीस पावलांवरची घंटा थांबली.

मामा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. एका पायात चप्पल, दुसरी हातात. खिशात स्क्रू-ड्रायव्हर. मान भिंतीला टेकलेली, नजर वर, छताखालच्या तारेकडे. मी हाताला हात लावला, तो थंड होता.

 अक्कानं दार मोडल्याचं ऐकलं होतं. खांब धरून, आमच्या दिशेला कान लावून तिनं पडवीतून विचारलं,

"कडी मोडलीसा न्हवं गे? मग पुंडल्या वराडत कसा न्हाई?"